आकडसासूची चुंगडी

माझ्या आकडसासूनं आजवर कोणालाच सुखानं बसू दिलेलं नाही. नवऱ्याला नाही, पोरांना नाही, पाळकाला नाही, आणि माझा तर असा अंदाज आहे की देवालाही नाही. आकडसासू म्हणजे बायकोची मोठी बहीण. आमच्या झाडीपट्टीत असंच म्हणतात, आणि ज्यानं हा शब्द काढला त्यानं माझ्या आकडसासूला कुठं तरी लांबून पाहिलं असलं पाहिजे. उंचीनं ती माझ्या खांद्याला लागत नाही. अंगानं वाळलेली तुराटी. पण रस्त्यानं निघाली की धानाच्या बांधीतले, म्हणजे शेतातले, लोक वाकल्याजागी सरळ होतात आणि काहीतरी काम करत असल्यासारखं दाखवतात, जरी ते आधीपासून कामच करत असले तरी. मी जन्मभर काळीपिवळी जीप चालवली, कोहमारा ते नवेगाव बांध. समोरून भरधाव ट्रक आला तरी मी कधी घाबरलो नाही. पण रस्त्याच्या कडेला ही हात दाखवून उभी दिसली की माझा पाय आपोआप ब्रेकवर जायचा. कारण ती बसली की जीप माझी राहत नव्हती. "जवाईबापू, जरा डावीकडे घ्या, एक म्हातारी पाहून येऊ," असं ती म्हणायची, आणि मागच्या सीटवरचे सगळे भाड्याचे लोकही म्हातारी पाहायला जायचे.

मी चौथी शिकलेला माणूस आहे. लिहायची सवय नाही, म्हणून जसं तोंडात येते तसं लिहितो. कोणाला आवडलं नाही तर त्यानं तिला जाऊन सांगावं, मला सांगू नये.

पहिली गोष्ट तिच्या प्रार्थनेची. आमची ख्रिस्ती मंडळी लहान, गावाबाहेर कौलारू देऊळ, पुढे कडुनिंब. उपासनेत प्रार्थनेची वेळ आली की बाकीचे लोक डोळे मिटून थोडक्यात उरकतात. आकडसासू देवाला पत्ता सांगते. "प्रभू, कोहमाऱ्याहून नवेगावकडे निघालं का नाई, डाव्या हाताले पाण्याची टाकी लागते. टाकीच्या मांगं निळं घर आहे. निळं म्हणजे पुढून निळं, मांगून पडलं आहे. त्या घरच्या म्हातारीचा गुडघा दुखून राहिला, तिकडे जरा पाह्य." जुने पाळकसाहेब होते, भला माणूस, त्यांनी एकदा हळूच म्हटलं, "बाई, देवाला पत्ता ठाऊक असतो." तर ही म्हणाली, "ठाऊक असन जी. पण त्याच्या मांगं किती गावं आहेत! आपण सांगितलं तं बिघडलं काय?" पत्त्यापुरतं असतं तरी ठीक होतं. ती देवाला घरातलीही बातमी देते. "त्या घरच्या सुनेनं सासूले काल ताजं वाढलं नाई, तिले बुद्धी दे," असं ही मोठ्यानं म्हणत असताना ती सून दुसऱ्या बाकावर बसलेली असते. आमच्या मंडळीचं गावात नाव चांगलं आहे, सगळे म्हणतात ख्रिस्ती लोक नीट वागतात. खरं कारण मी सांगतो. हिच्या प्रार्थनेत नाव येऊ नये म्हणून अर्धे लोक नीट वागतात.

दूरच्यांसाठी मात्र तिची प्रार्थना आखूड असते. आमच्या मंडळीतलीच एक पोरगी, रोशनी, नर्स झाली आणि लग्न झाल्यावर नवऱ्यासोबत मिशनरी म्हणून आफ्रिकेत गेली, मलावी नावाच्या देशात. ती तिथं दवाखान्यात असते, नवरा शाळेत शिकवतो. त्यांच्यासाठी आकडसासू उभी राहते आणि म्हणते, "प्रभू, मलावी. इथून गोंदिया, गोंदियाहून आगगाडीनं मुंबई, मुंबईहून विमान. पुढचं मले ठाऊक नाई, तूच पाह्य." एवढं बोलून बसून जाते. रविवारी कधी रोशनीचा व्हिडिओ कॉल आला तर ही फोनवर इतकी ओरडते की कडुनिंबावरचे कावळे उडतात. पाळक म्हणतात, "बाई, हळू बोला, ऐकू जाते." ही म्हणते, "मधात समुद्र आहे ना जी."

दर शुक्रवारी दुपारी तिची सुवार्ता, म्हणजे येशूबद्दल सांगणं, कोहमाऱ्याच्या चौकात चालते. नागपूर-रायपूर रस्त्यावरचे लांबचे ट्रक तिथल्या धाब्यांवर थांबतात, ड्रायव्हर लोक खाटेवर आडवे होतात. ही गवती चहाची भरलेली बरणी घेऊन येते आणि पिशवीत मंडळीची छोटी पुस्तकं. हिंदी, तेलुगू, उडिया, पंजाबी, सगळ्या भाषांतली तिच्याजवळ असतात, फक्त तिला त्यातली एकही वाचता येत नाही. ती कव्हरच्या रंगावरून ओळखते. एकदा छापणाऱ्यानं रंग बदलले, तर तेलंगणाच्या एका ड्रायव्हरला उडिया पुस्तक गेलं. त्या भल्या माणसानं ते डोक्याला लावलं आणि समोरच्या काचेखाली त्याच्या देवांच्या रांगेत ठेवून दिलं. मी म्हटलं, "बाई, त्याले वाचता येणार नाई ते." ती म्हणाली, "जाऊ द्या. देवाच्या शेजारी बसलं ना?"

पण पुस्तक ही तिच्या लेखी मागची गोष्ट. आधी चौकशी. "कहाँ के हो, बेटा?" "लुधियाना, माताजी." "माँ है?" "है जी." "फोन कब लगाया था?" इथं पोरगं डोकं खाजवते. "अभी लगाओ." "माताजी, रिचार्ज खतम है." "मेरे जवाई के मोबाइल से लगाओ." आणि जवाई म्हणजे कोण, तर मी, नुकताच ताटावर बसलेला. पोरगं फोन लावते, पलीकडे माय रडते, इकडे एवढा मोठा दाढीवाला माणूस पालथ्या हातानं डोळे पुसते, आणि मग ही फोन त्याच्या हातून ओढून घेते आणि आपल्या गोंदियाच्या हिंदीत त्या पंजाबी म्हातारीला सांगते की तुमचा पोरगा बारीक झाला आहे, पण दात चांगले आहेत. या कारभारानं माझ्या मोबाइलात साऱ्या हिंदुस्थानच्या आयांचे नंबर जमा झाले. त्यातली एक लुधियानाची अजून मला फोन करते आणि विचारते, "भाईसाब, मुंडा पहुँचा के नहीं?" कोणतं पोरगं, कुठं पोहोचलं, मला काय माहीत! मी म्हणतो, "पहुँच गया, माताजी." नवे पाळक आले, तरुण, शिकलेले, त्यांनी हे पाहिलं आणि विचारलं, "बाई, यात सुवार्ता कधी सांगता?" ती म्हणाली, "आधी मायले फोन लावू द्या जी. पोरगं रडलं का मंग सांगीन. कोरड्या जमिनीत कोणी धान रोवते काय?"

सगळीकडे तिला असं चहापाणी मिळालं असं नाही. तळ्याकडच्या एका गावात आम्ही एका आजारी म्हातारीला पेज घेऊन जात होतो, तर तीन-चार जवान पोरांनी जीप अडवली. एकानं खिडकीत डोकं घालून विचारलं, "ए मावशी, काऊन आली? धरम बदलाले आली का?" मी इंजिन बंद केलं नाही. दिवस असे आहेत की एका शब्दाचे शंभर होतात. आकडसासूनं त्याच्याकडे पाहिलंच नाही, माझ्याकडे बोट केलं. "बाबू, हा माझा जवाई. जन्माचा ख्रिस्ती आहे. उपासनेले मागच्या बाकावर बसते अन् झोपते. याचाच अजून बदलला नाई, तं तुमचा कायले बदलवू? सरक, पेज थंडी होऊन राहिली." पोरं हसायला लागली. मीच एकटा हसलो नाही. म्हातारी त्यातल्याच एकाची आजी निघाली. त्यानं पेजेचा गंज, म्हणजे पातेलं, उचलून आत नेला आणि येताना आम्हाला काकड्या दिल्या.

आता चुंगडीचं सांगतो. चुंगडी म्हणजे लहान पोतं, काखेत मारता येईल एवढं. आमच्या मंडळीत जुनी चाल आहे. घरची बाई भात रांधायला तांदूळ काढते तेव्हा, धुवायच्या आधी, त्यातली एक मूठ बाजूला काढून चुलीजवळच्या डब्यात टाकते. ती मूठ परदेशी गेलेल्या मिशनऱ्यांची. शनिवारी आकडसासू चुंगडी घेऊन घरोघर फिरते, डबे रिकामे करते, आणि रविवारी उपासनेनंतर तो तांदूळ मंडळीतलेच लोक विकत घेतात. पैसे मलावीला जातात. या चालीचे दोन नियम आहेत आणि दोन्हीवर आकडसासू फौजदारासारखी उभी असते. एक, मूठ रांधायच्या तांदळातूनच निघाली पाहिजे. दुसरा, डब्यात पडलेला दाणा पुन्हा घरच्या गंजात जाता कामा नये. पाहुणा दारात उभा असला आणि घरात काही नसलं तरी नाही. एकदा आमच्यातल्या एका मोठ्या शेतकऱ्यानं, रोज मूठ कोण काढत बसते म्हणून, तांदळाचा अख्खा कट्टाच, म्हणजे भरलेलं मोठं पोतं, बैलबंडीवर टाकून तिच्या दारात पाठवला. हिनं बंडी तशीच फिरवली. "भाऊ, हा कट्टा तुमच्या कोठ्यातून आला. ताटातून नाई आला," म्हणाली. पाळकांनी नंतर त्या माणसाची समजूत घातली, कट्टा देवळाच्या कामाला घेतला, पण तिच्या चुंगडीत त्यातला दाणा गेला नाही.

त्या चुंगडीतला भात मात्र खाणाऱ्याची परीक्षा असते. कोणाचा बारीक तांदूळ, कोणाचा जाडा, कोणाचा राशनचा, कोणाचा यंदाचा, कोणाचा दोन वर्षांचा. एका गंजात घातले की निम्मे गिच्च होतात आणि निम्मे दाताखाली कटकट वाजतात. आकडसासू जन्मभर तोच विकत घेऊन खात आली. मी एकदा तिच्याकडे जेवताना तोंड वाकडं केलं तर म्हणाली, "मंडळी अशीच राहते, जवाईबापू. कोणी एका उकळीत शिजते. कोणाले कितीबी जाळ घाला, कच्चंच." आणि शेवटचे शब्द बोलताना माझ्याकडे पाहिलं.

मागे रोशनी आणि तिचा नवरा सुट्टीवर आले. कडुनिंबाखाली मांडव घातला. ज्यांच्यासाठी इतकी वर्षं मूठ काढली ती पोरं आली म्हणून बायांनी जीव ओतला. भात, खिचडी, तांदळाची खीर, तांदळाचे पापड, तांदळाच्या चकल्या. दोन दिवस त्या दोघांनी हसत खाल्लं. तिसऱ्या दिवशी रोशनी आकडसासूच्या कानाशी लागली आणि म्हणाली, "मावशी, थोडं मक्याचं पीठ मिळेल काय?" मग तिनं पाण्यात पीठ घोटून घट्ट गोळा केला, बोटांनी तोडून भाजीत बुडवून खाल्ला, आणि दोघांच्या तोंडावर जे सुख आलं ते खिरीनं आलं नव्हतं. आकडसासूनं विचारलं, "म्हणजे तुमी तिकडे भात खातच नाई?" "कधीमधी, मावशी. तिकडे सगळे हेच खातात. त्यांच्यात बसायचं तर त्यांचंच खायला लागते ना."

आकडसासू त्या दिवशी दिवसभर बोलली नाही. माझ्या आठवणीत अशी ती दोनदाच गप्प राहिली आहे, त्यातली ही पहिली वेळ. संध्याकाळी आमच्या घरी आली. माझी बायको भाजी निवडत होती. आकडसासू तिला लहानी म्हणायची. "लहाने, आपण इतके वर्षं ताटातला भात काढून राहिलो, का पोरीले तिकडे दोन घास भात मिळावा. अन् तिनं तं तिकडे जाऊन भातच सोडला!" माझ्या बायकोनं मान वर न करता म्हटलं, "बाई, आपण मूठभर सोडला. तिनं पुरा सोडला. मंग दान कोणाचं मोठं झालं?" मी ओसरीवर बसून ऐकत होतो. माझी बायको कमी बोलायची, पण बोलली की खिळा ठोकल्यासारखं. आकडसासू उठून गेली, आणि पुढच्या पावसाळ्यात तिनं अंगणात मका लावला. कशाला, तर सरावाला. "देव कवा कोणाले कुठं धाडन, काय सांगता येते?" सत्तरी उलटलेली, आयुष्यात नागपूरच्या पुढे गेलेली नाही, पण त्या दिवसापासून आठवड्यातून एकदा मक्याचा गोळा खाते आणि वाईट तोंड करून गिळते.

दुसऱ्यांदा ती गप्प राहिली ती माझी बायको गेली तेव्हा.

दुखणं पोटाचं होतं. गोंदियाला नेलं, नागपूरला नेलं, आणि मग घरीच आणलं. त्याबद्दल मी जास्त लिहीत नाही, लिहून काही होत नाही. माती दिल्यावर पोरगा म्हणाला, बाबा, माझ्याकडे नागपूरला चला. मी गेलो नाही. कोहमाऱ्याच्या धाब्यावरून जेवणाचा डबा लावला, तो दुपारी यायचा, त्यातलंच रात्री. ना चूल पेटायची, ना गॅस, घरात शिजल्याचा वास नाही. आणि फळीवर तिचा मुठीचा डबा तसाच होता, निम्म्याच्या वर भरलेला. दुखण्याच्या दिवसांत, उभं राहवत नसताना, भिंतीला टेकून ती रांधायची आणि मूठ काढायची. मधले शनिवार दवाखान्यात गेले, म्हणून तो रिकामा झाला नव्हता. रोज संध्याकाळी मी तो काढायचो, झाकण उघडायचो, आत हात घालायचो. बस, एवढंच. मग झाकण लावायचो.

पहिल्या शनिवारी आकडसासू चुंगडी घेऊन दारात आली. "डबा आणा, जवाईबापू."

"राहू द्या."

"काऊन?"

"राहू द्या म्हटलं ना!"

"ते तांदूळ आता तुमच्या घरचे नाई. लहानीनं देऊन टाकले आहेत."

माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "दिले असन. पण तुमच्या त्या चुंगडीत साऱ्या दुनियेचे तांदूळ. त्यात टाकले का मंग मले तिचे कोणते ते दिसन काय? सांगा, दिसन?"

खोटं बोलणं आकडसासूला येत नाही. "नाई दिसन," म्हणाली. मग ओसरीवर बसली, पाणी मागितलं, प्यायली आणि गेली. त्यानंतर दर शनिवारी ती यायची, ओसरीवर बसायची, पाणी प्यायची, कोणाचं काय दुखते ते सांगायची आणि डब्याचं नाव न काढता जायची. नाव काढलं असतं तर बरं झालं असतं. मी भांडलो असतो. शेवटी मीच गिरणीतून तांदळाचा कट्टा आणून तिच्या पुढ्यात ठेवला. "हा घ्या. अन् त्या डब्याचा विचार सोडा."

"तुमी काल रांधलं का?"

"मी धाब्याचा डबा खातो, तुमाले ठाऊक आहे."

"मंग मूठ कुठून आली? जो रांधत नाई, त्याची मूठ नाई." कट्ट्याला हात न लावता ती उठली आणि दाराशी जाऊन म्हणाली, "या घरची मूठ बंद पडली, जवाईबापू." टोचून नाही म्हटलं. एखाद्या घरचा दिवा गेला असं शेजारचा सांगते तसं म्हटलं. पण धाब्याचा डबा त्या दिवशी मी तसाच परत पाठवला.

पावसाळा सरत आला तेव्हा एका सकाळी मी झाकण उघडलं आणि डब्याच्या कडेनं सोंडे चालताना दिसले. तांदळातले ते काळे, सोंडवाले किडे. एक नाही, रांगच्या रांग. मी डबा खाली ठेवला. उन्हात टाकू? पाखडू? मला पाखडता कुठं येते! बायकोच्या तांदळाचं आता पीठ होणार आणि मी पाहत बसणार, एवढंच डोळ्यांपुढे आलं. मी सायकल काढली आणि तिच्याकडे गेलो. तिचा मक्याचा दिवस होता, ताटावर बसलेली. "बाई, सोंडे लागले," एवढंच मला बोलता आलं. तिनं ताट सरकवलं, हात धुतले, भिंतीवरचं सूप घेतलं आणि चालायला लागली. मी सायकल हातात धरून मागे.

आमच्या अंगणात बसून तिनं ते तांदूळ पाखडले, निवडले, पुन्हा पाखडले. दुपार झाली. सुपात पांढरे स्वच्छ तांदूळ राहिले तेव्हा ती म्हणाली, "पुन्हा डब्यात ठेवाल तं पुन्हा लागतीन. तांदूळ का ठेवाची चीज आहे?" तिची चुंगडी कमरेला खोचलेली होती. मला वाटलं आता ही ओतून घेणार. माझा हात आपोआप सुपाच्या काठावर गेला. तिनं तो पाहिला.

"सोडा. मी नेत नाई."

मी सोडला नाही.

"रांधा," ती म्हणाली.

"काय?"

"हे रांधा अन् खा."

मला खरंच वाटेना. "बाई, मुठीचा दाणा घरच्या गंजात जात नाई. तुमीच तं जन्मभर..."

"मले शिकवू नका! माझ्या बहिणीच्या हातचे तांदूळ आहेत. ते सोंड्यानं खाल्ल्यापेक्षा तुमी खाल्लेले बरे. देवाले काय सांगाचं ते मी सांगीन." तिचा आवाज चढला होता आणि डोळे भरले होते, आणि ते मला दिसू नयेत म्हणून ती सूप उगाच झटकत होती. "पण मी रांधणार नाई. तुमी रांधा."

मी गॅस पेटवला. पाणी किती, जाळ किती, ती अंगणातून ओरडून सांगत होती. मी गंजात तांदूळ घेतले, चांगले तीन पाण्यांनी धुतले, आणि मग मला आठवलं. मी गंजात हात घातला, मूठ काढली, आणि गळत्या मुठीनं तसाच बाहेर आलो.

आकडसासूनं कपाळावर हात मारला. "अरे माझ्या देवा! ओली मूठ! बुरशी येईन तिले! सारा जन्म बायकोले रांधताना पाहिलं, मूठ कवा काढते हेही नाई दिसलं?"

"मी ड्रायव्हर होतो, बाई. मी रस्त्याकडे पाहत होतो."

ती हसली. हसता हसता रडली, आणि तोंडाला पदर लावला. मग कमरेची चुंगडी काढून तिनं उन्हात पसरली, त्यावर माझ्या हातचे ओले दाणे एकेक बोटानं पांगवले आणि कोंबड्या हाकलायला काडी घेऊन बसली. मी तिथंच उभा होतो. मी विचारलं, "बाई, ही मूठ कोणाची धराची? तांदूळ तिचे, हात माझा."

"दोघांची," ती म्हणाली. "जा आत, भात करपून राहिला."

भात करपलाच होता. वरून गिच्च, खालून काळा. आम्ही दोघांनी मीठ आणि कांदा घेऊन खाल्ला. तिनं नाव ठेवलं नाही. दाणे वाळल्यावर चुंगडीत गोळा केले आणि जाताना सांगून गेली, "रोज थोडे घ्या. सरले का मंग गिरणीचे. अन् मूठ कोरडी काढा."

धाब्याचा डबा मी बंद केला. बायकोचे तांदूळ किती दिवस पुरले ते मी मोजलं नाही. शेवटी शेवटी मी कमी कमी घ्यायला लागलो. शनिवारची मूठ लहान होत चालली हे आकडसासूला कळत असणार, पण ती बोलली नाही. मग एका शनिवारी मी डबा तिच्या चुंगडीत रिकामा केला आणि म्हटलं, "बाई, हे गिरणीतले. तिचे सरले."

तिनं चुंगडीत हात घातला, तांदूळ वरखाली केले, गाठ मारली. मग म्हणाली, "चला, अजून पाच-सहा घरं राहिली," आणि चुंगडी काखेत मारायला गेली तर ती तिच्यानं एका दमात उचलली गेली नाही. मी म्हटलं, "द्या इकडे." वाटलं होतं, खेकसेल. तिनं मुकाट्यानं दिली.

चुंगडी दिसते त्यापेक्षा जड असते. मी खांद्यावर घेतली, दाराला कडी लावली आणि तिच्या चालीनं चालू लागलो. आता ती हळू चालते.